शकुनमावशीच्या मोतीबिंदूचे उपकार

मु. पो. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा
मंगळवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप शकुनमावशीच्या पायांशी भुपेंद्रचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे सातच अंगांनी समज. डाव्या कोपराला पट्टी आहे. ती जखम कर्तव्य बजावताना झालेली असून तिची हकीकत पुढे येईल.)

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यातलं नवीन भिंग नीट बसलं ना? मावसाजींचे गुडघे काय म्हणतात? अंकुशदादाची नोकरी टिकून आहे ना? (हे पत्र अंकुशदादाच वाचून दाखवत असेल तर त्याला हात जोडून विनंती, की कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये. कंस आला की कागद तुझ्या हाती द्यावा आणि आपण बाहेर हमरस्त्यावर जाऊन ट्रक मोजावेत. मागच्या वर्षी माझी एक खाजगी गोष्ट त्याने लाखनीच्या बसस्टँडवर चहा पिता पिता सांगितली होती, ती मी विसरलेलो नाही.)

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हे वाक्य आजवर मी रिवाज म्हणून लिहीत आलो. या खेपेस ते खरं आहे आणि त्याचं कारण तू आहेस, म्हणून हा पत्रप्रपंच. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. माझा फोन आमच्या घराशेजारच्या बोडीत आहे, पाण्याच्या तळाशी, गाळात. बाबांचा फोन चालू आहे, पण बाबा फोन देतात आणि शेजारीच बसून ऐकतात, आणि जे सांगायचं आहे त्यात बाबांचं दोन वर्षांचं म्हणणं अर्धं खोटं निघालेलं आहे. (अर्धं खरंही निघालं. ते मला जास्त लागलं.)

तर सगळ्यांत आधी तुझ्या मोतीबिंदूचे आभार. हसू नकोस. माघात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर आई तुझी उस्तवार करायला लाखनीला आली नसती. डॉक्टरने तुझ्या डोळ्याला धूर लागू द्यायचा नाही म्हणून बजावलं नसतं तर तू चूल, धुनी, एवढंच काय देवापुढची उदबत्तीसुद्धा बंद केली नसतीस. आणि मग आईला तीन आठवडे नुसत्या गॅसवर रांधावं लागलं नसतं आणि तिचा खोकला गेला नसता. तुझा मोतीबिंदू पिकला त्या मुहूर्ताला मी दर वर्षी नारळ फोडायचं ठरवलं आहे.

आता या खोकल्याचा इतिहास तुला माझ्या बाजूने सांगतो, कारण बाबांच्या बाजूने तो अख्ख्या पवनी तालुक्याला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेज सोडलं. खरं म्हणजे सोडलं नव्हतं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सर मला म्हणाले, की तुझ्याने बर्नर पेटत नाही तर डोकं कशाला पेटवतोस. मी जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं आणि निघून आलो. माझा हिशोब असा, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी समजूत काढायला येईल. आठ दिवस मी छपरीत खाट टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलो. दोन वर्षं झाली, अजून कोणी आलेलं नाही. त्याच महिन्यात आईला खोकला लागला आणि बाबांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. सोसायटीत, पानठेल्यावर, एसटीच्या कंडक्टरजवळ, जिथे जातील तिथे बाबांचं एकच: "काय सांगू जी, पोट्ट्यानं कालेज सोडलं अन् त्याच्या मायच्या छातीत घुसलं ते. तवापासून खोकूनच राहिली."

मावशी, ज्याच्या आईचा खोकला त्याच्याच नावावर लिहिलेला असतो त्या पोराची गत तुला कशी सांगू. आई खोकली की मला वाटे ती माझ्याशीच बोलते आहे. छोटा खोकला म्हणजे, "बेटा, फॉर्म भरून टाक." लागोपाठ तीन म्हणजे, "तुझ्या वर्गातला प्रफुल्ल बघ, तलाठ्याच्या परीक्षेला बसला." आणि तो जो लांबलचक येई, भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, त्याचा अर्थ लावायला नको म्हणून मी घराबाहेर पडत असे. गावातल्या धनंजयभाऊंचा ट्रॅक्टर चालवतो तो मी त्याच्याचपायी. ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट बंद झाली होती आणि ती मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तुम्ही दोघी बहिणी लहानपणी बांदीतल्या चिखलात धानाचा रोवणा करताना, रोपं लावता लावता गाणी म्हणत होतात, एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, हे आजीने मला कितीदा सांगितलं आहे. इथे आसगावातही रोवण्याच्या रांगेत पहिली ओळ आईचीच असे. गेली दोन वर्षं आई रांगेत मुकाट्याने धान रोवते. बायांनी विचारलं, "कलाबाई, गाणं काहून नाई वं?" तर म्हणाली, "विसरली." बाबांनी तेही माझ्या खात्यात टाकलं: पोराने तोंड काळं केलं, ती कोणत्या तोंडाने गाईल. मीही मानलं. मी चिडका असेन, पण आईच्या बाबतीत मला पटकन पटतं.

आता फागुनात काय झालं ते ऐक. (इथून पुढे कंस वाढतील. अंकुशदादाने खुर्ची दारात नेऊन ठेवावी.) आसगावात एक पाहणी सुरू झाली, घरोघरच्या सैपाकखोलीतला धूर मोजायची. त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी एक मुलगी येऊ लागली. नाव प्रतिक्षा, मोहाडीची, नर्सिंग झालेली. तिच्याजवळ दोन वस्तू. एक टिफिनएवढा पांढरा डबा, जो चुलीच्या बाजूच्या भिंतीला टांगायचा. त्यावर आकडे उमटतात. आणि एक नळी, जिच्यात जोराने फुंकायचं. तिच्यावर काटा सरकतो. ती आमच्या छपरीत बसून आईला प्रश्न विचारू लागली आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाबा देऊ लागले. चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, "काका, तुमी थोडं थांबता का? मी काकूले विचारून राहिली." आणि बाबा थांबले. मावशी, माझ्या आयुष्याची बावीस वर्षं झाली, आमच्या बाबांना मध्येच थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. (तिथेच माझं काळीज गेलं. रूप वगैरे मी नंतर पाहिलं. तेही चांगलं आहे.)

पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तिने आईला नळी फुंकायला लावली. काटा जेमतेम हलला. आईला वाटलं आपलं चुकलं, म्हणून ती आत गेली आणि चुलीची फुंकणी घेऊन आली, की थांब बाई, माझ्या फुंकणीनं दाखवते, हे तुझं नळकांडं नवं आहे. प्रतिक्षा हसली नाही. तिने पुन्हा दोनदा फुंकायला लावलं, आकडा लिहून घेतला आणि हळूच विचारलं, "काकू, बिडी ओढता का? किंवा आधी ओढत होत्या?"

मी उठलो. माझ्या आईला बिडी? जी आई बाबांना तंबाखूसाठी अंगणात उभं करते तिला? मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण शेवटी शब्द संपले आणि हातात फोन होता, तो मी फेकला. मला तो अंगणात आपटायचा होता. घराला लागून असलेल्या सांदवाडीच्या, म्हणजे परड्याच्या कुंपणावरून तो सरळ बोडीत गेला. डुबुक आवाज आला. प्रतिक्षाने बोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आईला पुढचा प्रश्न विचारला: "चुलीजवळ रोज किती वेळ बसता?" (कागदावर काय लिहिलं ते मला अजून कळलेलं नाही. रोज वाटतं विचारावं.)

जाताना तिने एक डायरी दिली. घरातल्या शिकलेल्या माणसाने रोज भरायची. चूल कधी पेटली, कधी विझली, काय जाळलं, काय रांधलं आणि कोणासाठी. बाबा म्हणाले, "शिकलेला या घरात कोण आहे? एक अर्धा आहे." ती म्हणाली, "अर्धा चालेल." मावशी, मला कोणी अर्धा म्हटलं तर मी एरवी काय केलं असतं. पण मी डायरी दोन्ही हातांनी घेतली.

मी ती डायरी जी भरली ना, कॉलेजचं जर्नल तसं भरलं असतं तर आज पुढे गेलो असतो. दोन रंगांचे पेन आणले. पट्टीने रेघा मारल्या. आणि मग माझ्या डोक्यात एक युक्ती आली. (अंकुशदादा, बाहेर.) डायरी ती वाचणार. ओळ न् ओळ वाचणार. म्हणजे 'कोणासाठी' या रकान्यात जे नाव असेल ते ती रोज वाचणार. मी लिहायला सुरुवात केली: भात, भुपेंद्रसाठी. वांग्याची भाजी, भुपेंद्रसाठी. आंघोळीचं पाणी, भुपेंद्रसाठी. जवसाची चटणी भाजली, भुपेंद्रसाठी. जेवत होतो आम्ही तिघेही, पण बाबांचं नाव मी एकदाही येऊ दिलं नाही. त्यांना पानठेल्यावर पुरेशी प्रसिद्धी आहे. कधी भुपेंद्र लाल शाईने, कधी निळ्या. एके ठिकाणी नावाभोवती छोटी वेलबुट्टी काढली. चार आठवड्यांत माझं नाव तिच्या डोळ्यांखालून इतक्यांदा जाईल की ते तिला झोपेतही आठवेल, असा माझा बेत.

मधल्या काळात बाबा आपल्या ठेक्यावरच होते. तुझ्याकडून आल्यावर चौथ्याच दिवशी आईचा खोकला परत सुरू झाला होता, ते आठवून बाबा एकदा म्हणाले, "पाय, लाखनीले हा डोळ्यापुढं नव्हता तं बरी होती. घरी आली, याचं तोंड पायलं, लागला खोकला." बिनतोड पुरावा. मी त्या दिवशी ट्रॅक्टरवरून उतरलोच नाही.

चार आठवड्यांनी शुक्रवारी ती आली, छपरीत बसली आणि डायरी वाचू लागली. मी खांबाला टेकून उभा होतो. पहिलं पान, दुसरं पान, पाचवं पान. ती थांबून थांबून वाचत होती. मला वाटलं नाव लागू पडलं. मग तिने मान वर केली आणि आईला विचारलं, "काकू, घरी गॅस आहे. मंग चूल दिवसातून तीनदा कायले पेटवता? अन् सगळं यांच्याचसाठी?"

मी म्हणणार होतो, की ताई, ते म्हणजे, लिहिण्याची पद्धत. पण आई अगदी साधेपणाने म्हणाली, "हाव न बाई. आमी दोघं तं काहीबी खातो. याले गॅसवरचं चालत नाई."

मावशी, मी प्रेमापायी खोटं लिहिलं होतं आणि ते खरं निघालं. तेव्हा मला ते सगळं आठवलं. मी कॉलेजात होतो तेव्हा सकाळची पवनीची बस पकडायची म्हणून आई झटपट गॅसवरच डबा करत असे. जर्नल फेकून घरी आलो त्या दिवशी तिने गॅसवरचाच भात आणि भाजी वाढली आणि मी ताट सरकवून म्हणालो, "याला चवच नाही. माणसाने जेवायचं तर चुलीवरचं." सरांवरचा राग भाजीवर काढला, एवढंच होतं ते. चवीचं मला काही कळत नव्हतं. पण पोरगा रुसला आहे, निदान पोटभर खाईल, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आईने गॅसवर फडकं झाकलं आणि चुलीपुढे बसली. बस पकडायची नव्हती, घाई नव्हती. खोली केवढी, खिडकी नाही, वर कवेलूंचं छप्पर; धूर जाईल कुठे? तो आईत गेला. बाबांचं गणित बरोबर होतं, महिनासुद्धा बरोबर होता. रीत तेवढी चुकली होती. मी कॉलेज सोडल्याचं दुःख तिच्या छातीत गेलं नव्हतं, माझं जेवण गेलं होतं.

प्रतिक्षाने मग समजावून सांगितलं, न ओरडता, की लाकडाचा, गोवऱ्यांचा, तुराट्यांचा धूर बंद खोलीत रोज रोज घेतला तर फुप्फुस आतून तसंच खराब होतं जसं बिडी ओढणाऱ्याचं. दम लागतो, डोळे जातात, लहान लेकरू काखेत असेल तर त्याला निमोनिया होतो. म्हणाली, "काकूनं बिडी नाई ओढली. चूल ओढली." बाबा म्हणाले, "मी दोन वर्षांपासून सांगूनच राहिलो, की याच्याचपायी." तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पुन्हा थांबले.

यावर एखाद्या समजूतदार माणसाने मान खाली घातली असती. मी चिडलो. म्हटलं, एवढ्याशा धुराने कोणाचं काय होतं, अख्खा गाव चुलीवर रांधतो, मी आत्ता एक जेवण चुलीपुढे बसून रांधून दाखवतो. ती म्हणाली, "बसा. डबा लावलेलाच आहे." बस्स. आईने मुकाट्याने लाकडं आणून दिली. (थोडी ओली होती. मला वाटतं निवडून आणली होती.) भाताची गंजी ठेवली, खाली तणस सारलं, काडी लावली. तणस भुर्रकन जळलं, ओलं लाकूड नुसतं फुसफुसलं आणि धूर माझ्याकडे वळला. आधी डोळे गेले. मग नाक. मी फुंकणी उचलली आणि जीव खाऊन फुंकलं. आता फुंकून झाल्यावर श्वास घ्यायला तोंड फुंकणीवरून काढायचं असतं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. जो श्वास घेतला तो थेट चुलीतून आला. भिंतीवरच्या डब्याचे आकडे पेट्रोलपंपावरच्या मीटरसारखे पळताना मला अंधुक दिसत होते. तरी मी हटलो नाही. चांगला अर्धा तास बसलो, भात उतरवला आणि गरम गंजीचा काठ लागून हे कोपर भाजलं तरी हूं की चूं केलं नाही. बाहेर आलो तेव्हा तोंड काळं, डोळे लाल, आणि खोकला असा, की बाबांनी तो कोणाच्या नावावर लिहावा हे त्यांनाही सुचेना.

आईने पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि तिच्याकडे पाहिलं, आणि मावशी, मला एवढंच सुचलं की हे ती रोज तीनदा करते आणि वर विचारते, मीठ बरोबर आहे का. (इथे डोळ्यांत पाणी होतं ते धुराचं होतं.)

तेवढ्या रागात मी लोखंडी सब्बल घेतली आणि चूल फोडायला निघालो. आई चुलीच्या आडवी उभी राहिली. "तुले लहानाचा मोठा या चुलीनं केला, गाढवा. तिचा काय गुन्हा? तोंड तुह्यं, अन् मार तिले?" मग तह झाला. चूल सांदवाडीत गेली, उघड्यावर. तिथे पाणी तापतं आणि सणाला उलट्या मडक्यावरची लांब पोळी होते, कारण ती गॅसवर होत नाही आणि त्या बाबतीत मीही हट्ट सोडायला तयार नाही. मी चुलीवर चार टिनांचं छप्पर घातलं. तिसऱ्या दिवशी वारा आला आणि छप्पर शेजारच्या भैय्यालालकाकांच्या शेणखताच्या खड्ड्यात जाऊन बसलं. आता ते तारेने बांधलं आहे. बाकी सगळा सैपाक गॅसवर. सिलिंडर भरायचं काम ट्रॅक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे.

पण आईला पटेना. ताट वाढायची आणि माझं तोंड बघत बसायची. "चव कशी आहे?" चांगली आहे. "खोटं बोलून राहिला." नाही ग. "मंग तोंड काहून असं केलं?" माझं तोंडच तसं आहे. शेवटी तिने परीक्षा घेतली. एका वाटीत सांदवाडीतल्या चुलीवरची वांग्याची भाजी, दुसरीत गॅसवरची, कोणती कुठली ते तिला एकटीलाच ठाऊक. मी दोन्ही चाखल्या, डोळे मिटले, जाणकार माणसासारखी मान हलवली आणि डावी वाटी पुढे करून म्हणालो, ही बघ, ही खरी चुलीवरची, धुराचा वास लपत नाही. ती गॅसवरची होती. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही. ती वाटीकडे बघत बसली, मग उठून सांदवाडीत गेली आणि बराच वेळ तिथेच काहीतरी आवरत राहिली. दोन वर्षं, मावशी. ज्या चवीपायी आईने धूर गिळला, ती मला ओळखता येत नाही.

त्यानंतर मी तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनीही फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला, ओढायचा पंप दिला. म्हणाले, जे खराब झालं ते नवं होणार नाही, पण धूर बंद ठेवला तर उरलेलं सांभाळता येईल. काही विचारायचं आहे का, असं त्यांनी आईला विचारलं. मला वाटलं औषधाचं विचारेल. आईने विचारलं, "साहेब, रोवण्यात गाणं म्हणता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "जमेल तेवढं म्हणा, दम लागला की थांबा." बसमध्ये तिने मला सांगितलं, की गाणं ती विसरली नव्हती. ओळ पुरी व्हायच्या आधी दम तुटत होता, आणि तुटकी ओळ बायांपुढे टाकायची तिला लाज वाटत होती. आणि त्याच बसमध्ये तिने तुझंही वाक्य सांगितलं. लाखनीहून निघताना तू तिला म्हणालीस म्हणे: "कला, घरी गेल्यावर खोकला परत आला तं घराकडं पाय. पोराकडं पाऊ नको."

मावशी, माझ्या बाजूने दोन वर्षांत बोललेलं ते पहिलं वाक्य. आणि ते बोलताना तुझ्या एका डोळ्याला पट्टी होती. आम्हा दोन-दोन डोळ्यांच्या माणसांना जे दिसलं नाही ते तुला एका डोळ्याने दिसलं. त्याचेच आभार मानायला लिहायला बसलो. आईचे आभार कसे मानायचे ते अजून कळलेलं नाही, तिला काही म्हटलं की ती विचारते, "काय पायजे तुले?" सध्या मी रोज सकाळी भात लावतो. परवा पेजेसकट चांगला झाला.

आता खोकला फार कमी आहे. आला तर मी घराबाहेर पडत नाही, पंप आणून देतो.

मावसाजींना नमस्कार. अंकुशदादाला आशीर्वाद मागत नाही, त्याने फक्त गप्प बसावं.

तुझा,
भुपेंद्र

ता. क. लिहायचं राहून गेलं. (राहून गेलं नव्हतं. शेवटी लिहायचं ठरवलं होतं.) प्रतिक्षाची आई पार्वताबाई मोहाडीला राहते आणि बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायला स्वतः निघते. तुझं मोहाडीला जाणंयेणं आहेच. सहज भेटल्यासारखं भेटून आमच्या घराविषयी दोन शब्द टाकता येतील का? घर कवेलूचं पण बिनधुराचं, असं म्हटलं तरी पुरे. मुलीच्या मनाचं म्हणशील तर ती मला "अहो डायरीवाले" म्हणते. बाकी कोणालाच ती "अहो" म्हणत नाही.

ता. क. दुसरा. डायरी परत करताना तिने शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं आहे: "अक्षर चांगलं आहे. कॉलेज कायले सोडलं?" यातलं पहिलं वाक्य तू पार्वताबाईंना सांगावंस. दुसऱ्याचं असं, की फॉर्म आणलेला आहे. भरलेला नाही, पण आणलेला आहे, देवाच्या फोटोमागे ठेवला आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी आई म्हणाली, मलाही दोन ओळी लिहू दे. मी वाचणार नाही, असं कबूल केलं आहे. पेन तिच्या हाती देतो.

शकुन, मी कला. पोट्ट्यानं काय काय लिहिलं मले मालूम नाई, पन अर्धा तास बसलो म्हनून लिहिलंच असंल. पाच मिनिटं बसला. भात मीच उतरवला. कोपर काही भाजलं नाई, धुरातून बाहेर पयताना उंबरठ्यात पडला अन् फोडून घेतलं. रडला मात्र खूप, अन् ते धुराचं नव्हतं, धूर तवा सरला होता. त्या पोरीचं तू मोहाडीत काही बोलू नको. पोरगी मले म्हने, काकू, यायले आधी फॉर्म भराले सांगा, मंग पाऊ. हे त्याले मी अजून सांगितलं नाई. आपल्या मनानं भरू दे.

माह्यं काम वेगळं हाय. काल बोडीच्या पारीवर कोनी नाई पाऊन एक ओळ म्हटली. पुरी झाली. दुसरी म्हनाले दम नाई पुरला, अन् रांगेत इथं कोनाले ते आपल्या दोघींचं गानं येत नाई. रोवन्याच्या पयल्या दिवशी तू ये. पयली ओळ मी टाकीन, दुसरी तू उचल.